गुरूचे चार चंद्र आणि कै. व्यंकटेश बापूजी केतकर यांचें भाकीत

शके १९४६ च्या मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे इ. स. २०२४ च्या डिसेंबर महिन्याच्या ७ व्या तारखेस, आम्ही सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांतील कोयनानगर येथें होतों. तेथील एका स्नेह्यांच्या घरीं ज्योतिषाच्या जुन्या पोथ्यांचा एक रुमाल आहे. तो पाहण्यासाठीं आमचें जाणें झालें होतें. रुमालांत गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवाच्या दोन नकला, मुहूर्तप्रकरणाचीं कांहीं सुटीं पानें आणि विसाव्या शतकाच्या आरंभींचीं चारपांच छापील पंचांगें निघालीं. शेवटीं एका पंचांगाच्या पानांत घडी घालून ठेविलेलें वृत्तपत्राचें कात्रण हातीं आलें. प्लूटो या ग्रहाचा शोध अमेरिकनांनीं लावण्यापूर्वीं एकोणीस वर्षें तो बागलकोटच्या केतकरांनीं लावला होता, असा त्याचा मथळा होता. स्नेह्यांनीं आम्हांस सरळ विचारलें, “हें खरें काय? खरें असेल तर मुलांना तसें सांगूं; खोटें असेल तर हा कागद पोथ्यांत कशाला ठेवायचा?”

कागद फाडूं नये इतकेंच त्या वेळीं आम्हीं सांगितलें. प्रश्नाचें उत्तर देण्यास थोडें मागें जावें लागतें, कारण केतकरांच्या त्या भाकिताचें मूळ प्लूटोंत नाहीं; तें गुरूच्या चंद्रांत आहे. आणि ते चंद्र त्याच रात्रीं त्याच घराच्या परसांत आम्हांस पाहावयास मिळाले.

त्या दिवशीं चंपाषष्ठी होती, आणि योगायोगानें गुरूची सूर्याशीं प्रतियुतिही त्याच दिवशीं होती. सूर्य मावळतांना गुरू पूर्वेस उगवला. जेवणें आटोपल्यावर स्नेह्यांच्या चिरंजिवांनीं परसांत तीन इंच भिंगाची दुर्बीण तिवईवर बसविली. हेळवाकापाशीं कोयना आपला दक्षिणेकडील ओघ सोडून पूर्वेस वळते. दोन्ही अंगांस डोंगर असल्यानें येथें क्षितिज अरुंद आहे, पण माथ्यावरचें आकाश चांगलें काळें मिळतें. गुरू वृषभ राशींत, रोहिणीच्या तारकेच्या पूर्वेस होता. दुर्बिणींतून त्याचें किंचित् चपटें बिंब, त्यावरील दोन करडे पट्टे आणि बिंबाच्या दोहों बाजूंस एका रेषेंत ओवल्यासारखे बारीक ठिपके दिसले. तासाभरानें पुन्हां पाहिलें तेव्हां आंतल्या ठिपक्यांचीं अंतरें बदललेलीं होतीं. ताऱ्यांत असें कधीं होत नाहीं. हे तारे नव्हेत, गुरूभोवतीं फिरणारे चंद्र आहेत, हें समजण्यास दुर्बीण व दोन तासांचा धीर एवढेंच साहित्य पुरतें.

दिवसा ज्या ग्रहलाघवाच्या नकला आम्हीं चाळल्या त्यांत या चंद्रांचा मागमूस नाहीं, आणि असण्याचें कारणही नाहीं. ग्रहलाघव शके १४४२ चें, म्हणजे इ. स. १५२० चें. गॅलिलिओनें पादुआ येथें आपली दुर्बीण गुरूकडे वळविली ती १६१० च्या जानेवारीच्या ७ व्या तारखेस. तथापि एक गोष्ट येथें नोंदविली पाहिजे. गणेशाचे वडील नांदगांवचे केशव दैवज्ञ यांनीं जुन्या सिद्धांतांवरून आलेले ग्रह आकाशांतील ग्रहांशीं स्वतः ताडून पाहिले, आणि पुढील गणकांनींही असेंच वेध घेऊन ग्रंथ सुधारीत जावें असें लिहून ठेविलें. डोळ्यांस दिसतें तें प्रमाण, ही शिकवण आमच्या परंपरेंत होती. साधन मात्र नव्हतें.

साधन आल्यावर या देशांत त्याची पहिली ठळक नोंद सवाई जयसिंगाच्या झीज-इ-मुहम्मदशाही या ग्रंथांत सांपडते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील हा ग्रंथ. आपल्या राज्यांत दुर्बिणी तयार होतात, आणि त्यांतून शुक्राच्या कला, सूर्यावरील डाग व गुरूभोवतींचे चार तेजस्वी गोल दिसतात, असें त्यांत म्हटलें आहे. त्याच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटानें टॉलेमीच्या ग्रंथाचें ‘सिद्धांतसम्राट’ या नांवानें संस्कृत रूपांतर केलें. हे जगन्नाथ पंडित महाराष्ट्रीय असल्याची परंपरा आहे. जयसिंगानें बांधलेली उज्जयिनीची वेधशाळा पुढें शिंद्यांच्या मुलुखांत आली व तिचा जीर्णोद्धार १९२३ मध्यें शिंदे सरकारनेंच केला. पण जयसिंगाच्या वेधशाळांचें मुख्य काम दगडी यंत्रांवरच चाललें. चंद्र दिसले आणि नोंदले गेले. त्यांचा गणिताकडे उपयोग झाला नाहीं.

तो उपयोग युरोपांत झाला, आणि त्याचा परिणाम आमच्या नकाशांपर्यंत पोंचला. हे चंद्र फिरतां फिरतां गुरूच्या छायेंत शिरतात व बाहेर येतात. हीं ग्रहणें जेथून जेथून गुरू दिसतो तेथून सर्वत्र एकाच क्षणीं दिसतात. कॅसिनीनें १६६८ मध्यें त्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. याच ग्रहणांच्या वेळा पृथ्वी गुरूपासून दूर असतां उशिरां येतात, यावरून प्रकाशास प्रवासास वेळ लागतो असें रोमर यानें १६७६ मध्यें दाखविलें. ग्रीनिचची वेळ कोष्टकांतून व स्थानिक वेळ सूर्यताऱ्यांवरून घेतली म्हणजे दोहोंच्या फरकांतून रेखांश निघतो. एक तास म्हणजे १५ अंश. मद्रास वेधशाळेचा रेखांश ठरविण्यास जॉन गोल्डिंगहॅम यानें याच चंद्रांचीं ग्रहणें वापरलीं, आणि पुढें त्रिकोणमापनाच्या मोठ्या मोजणींत देशांतील ठिकठिकाणचे रेखांश मद्रासेपासून जोडले गेले. सातारा प्रांताच्या जुन्या इंग्रजी नकाशांवरील उभ्या रेषांचें एक टोक असें गुरूच्या चंद्रांस बांधलेलें आहे.

हें काम किती नाजूक, तें कोयनानगरच्याच उदाहरणावरून कळेल. या गांवाचा रेखांश सुमारें ७३ अंश ४५ कला पूर्व आहे. म्हणून येथील स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५५ मिनिटें, व भारतीय प्रमाणवेळेच्या मागें ३५ मिनिटें आहे. ग्रहणाची वेळ घेण्यांत एका मिनिटाची चूक झाली तर रेखांशांत १५ कलांची, म्हणजे या अक्षांशावर सुमारें साडेसव्वीस किलोमीटरांची चूक पडते. पश्चिमेकडे तितकें सरकलें म्हणजे कोयनानगर कुंभार्ली घाट उतरून चिपळुणाच्या रेषेवर जातें!

आतां केतकरांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील ज्योतिषी मंडळींपुढें मुख्य प्रश्न होता तो पंचांगाचा. जुन्या करणग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशाशीं जुळत नव्हते. प्रो. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध करून युरोपीय मानें मराठींत आणलीं. पुण्यास सायन्स कॉलेजांत कावसजी दादाभाई नायगांवाला यांनीं १८८८ मध्यें महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू केली. तेथील वीस इंची आरशाची दुर्बीण १९१२ मध्यें ती वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालास गेली. वाद मात्र चालूच राहिला. लो. टिळकांच्या पुढाकारानें संमेलनें झालीं. त्यांपैकीं एक १९२० मध्यें कृष्णाकांठीं सांगलीस भरलें. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरावा कीं चित्रेवरून, हा त्यांतील कळीचा मुद्दा होता. चित्रापक्षाचे प्रमुख गणिती म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म १८५४ मध्यें नरगुंद येथें झाला. त्यांचें आयुष्य मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागांत शाळेंत शिकविण्यांत गेलें, व बागलकोट हें त्यांचें कायमचें ठिकाण झालें. ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. अर्वाचीन युरोपीय मानें घेऊन ती संस्कृत गणकास वापरतां येतील अशा रीतीनें त्यांत मांडलेलीं आहेत. मराठींत त्यांनीं ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिलें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत आपल्या या समकालीन गणकाची दखल घेतली आहे. अशा गृहस्थानें १९११ मध्यें पॅरिसच्या फ्रेंच ज्योतिष मंडळाच्या मासिकांत एक लेख लिहिला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असले पाहिजेत, असें त्यांत प्रतिपादन असून त्या ग्रहांस त्यांनीं ब्रह्मा व विष्णु अशीं नांवें दिलीं. ब्रह्म्याचें सूर्यापासून मध्यम अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षें, असे त्यांचे आंकडे आहेत.

हे आंकडे काढण्यास त्यांनीं आधार घेतला तो गुरूच्या चंद्रांचा. आंतले तीन चंद्र आयो, युरोपा व गॅनिमीड हे अनुक्रमें सुमारें पावणेदोन, साडेतीन व सात दिवसांत गुरूस प्रदक्षिणा घालतात. चवथा कॅलिस्टो, त्यास जवळजवळ सतरा दिवस लागतात, व तो या हिशेबाबाहेर आहे. पहिल्या तिघांच्या रोजच्या मध्यम गति अंशांत मांडल्या तर २०३.४८९, १०१.३७५ व ५०.३१८ येतात. पहिलीमध्यें तिसरीची दुप्पट मिळवा: ३०४.१२५. दुसरीची तिप्पट करा: ३०४.१२५. दोन्ही एक! लाप्लासनें दाखविलें कीं हा योगायोग नव्हे; तिघांच्या परस्पर आकर्षणानें हा मेळ टिकून राहतो. त्याचें एक फळ असें कीं हे तीन चंद्र कधींही एकाच वेळीं गुरूच्या एकाच बाजूस एका ओळींत येत नाहींत. एका प्रचंड ग्रहाभोवतीं हा नियम चालतो, तर सूर्याभोवतींच्या बाहेरील ग्रहांतही तो चालत असावा, अशी केतकरांची कल्पना.

एकोणीस वर्षांनीं, १९३० च्या फेब्रुवारीच्या १८ व्या तारखेस, अमेरिकेंतील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बॉ यास छायाचित्रांच्या तुलनेंत प्लूटो सांपडला. त्याचें मध्यम अंतर ३९.४८ पट व प्रदक्षिणाकाल सुमारें २४८ वर्षें ठरला. केतकर त्याच वर्षीं ऑगस्टांत वारले. आंकड्यांचें साम्य पाहून कात्रणांतल्यासारखे मथळे निघाले, यांत नवल नाहीं. पण संशोधकानें साम्यापाशीं थांबतां कामा नये.

पहिली गोष्ट, शोध म्हणजे काय? १८४६ मध्यें नेपच्यून सांपडला तेव्हां ल व्हेर्येनें आकाशांतील स्थान सांगितलें होतें. बर्लिनास गाले यानें त्या स्थानाकडे दुर्बीण वळविली, व एका अंशाच्या आंत ग्रह मिळाला. केतकरांनीं अंतर व प्रदक्षिणाकाल सांगितला. ग्रह कोणत्या राशींत, कोणत्या अंशावर शोधावा हें सांगितलें नाहीं. त्यावरून कोणाही वेधकास दुर्बीण वळवितां आली नसती.

दुसरी गोष्ट गणिताची. लाप्लासचा संबंध युरेनस, नेपच्यून व एक अज्ञात ग्रह यांस जसाच्या तसा लावून आम्हीं पाहिला. युरेनसचा काल ८४ वर्षें, म्हणजे वर्षास ४.२८५ अंश, नेपच्यूनचा १६४.८ वर्षें, म्हणजे २.१८४ अंश. नेपच्यूनच्या गतीची तिप्पट ६.५५२, तींतून युरेनसची गति वजा करून बाकीचें अर्ध केलें तर १.१३४ अंश उरतात. या गतीच्या ग्रहास प्रदक्षिणेस सुमारें ३१७ वर्षें लागतील, २४२ नव्हे. यावरून केतकरांनीं मूळ संबंधांत कांहीं फेरफार केला असला पाहिजे, किंवा दोन्ही कल्पित ग्रह एकत्र धरून गणित मांडलें असलें पाहिजे, हें उघड आहे. तो मार्ग नेमका कोणता, याचा उलगडा अभ्यासकांस झालेला नाहीं. दुसरा ग्रह जो विष्णु, तो तर कोणासही सांपडला नाहीं.

तिसरी गोष्ट लॉवेलच्या संबंधीं. त्यानें युरेनसच्या गतींतील सूक्ष्म फरकांवरून पृथ्वीच्या कित्येक पट वजनाच्या ग्रहाचें भाकीत केलें होतें, आणि प्लूटो त्याच शोधांत सांपडला. परंतु १९७८ मध्यें प्लूटोचा चंद्र शॅरन दिसला, त्यावरून प्लूटोचें वजन काढतां आलें, आणि तें पृथ्वीच्या चारशेंव्या हिश्शाहूनही कमी निघालें. इतका हलका गोल युरेनसला ढळवूं शकत नाहीं. पुढें व्हॉयेजर यान १९८९ मध्यें नेपच्यूनजवळून गेलें व नेपच्यूनचें वजन सुधारलें गेलें, तेव्हां ते फरकही मावळले. म्हणजे लॉवेलचें भाकीत खरें ठरलें तें योगायोगानें, असें आज अमेरिकन विद्वान् स्वतःच म्हणतात. २००६ पासून तर प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. जें श्रेय तिकडचे लोक आपल्या माणसास देत नाहींत, तें आपण आपल्या माणसासाठीं ओढून घेणें न्यायाचें होणार नाहीं.

मग केतकरांच्या पदरीं कांहींच उरत नाहीं काय? आमच्या मतें पुष्कळ उरतें. १९६० नंतरच्या दशकांत लांब मुदतीचें गणित करून असें आढळलें कीं, नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तितक्या काळांत प्लूटोच्या दोन होतात, आणि हा मेळ कायम टिकणारा आहे. दोघांच्या कक्षा वरून पाहतां एकमेकींस ओलांडतात, तरी ते कधीं जवळ येत नाहींत याचें कारण हाच मेळ. केतकरांनीं मांडलेलें प्रमाण हें नव्हे. पण गुरूच्या चंद्रांत दिसणारा पूर्णांकांचा नियम सूर्यमालेच्या कडेलाही शोधावा, ही त्यांची दिशा निष्फळ नव्हती. शिवाय हें कोणीं केलें? ज्याच्याजवळ मोठी वेधशाळा नव्हती, ज्याचा दिवस शाळेंत जात होता, अशा गृहस्थानें बागलकोटास बसून. आणि तें पॅरिसच्या विद्वानांपुढें ठेविलें. ग्रहलाघवाच्या परंपरेंतला गणक लाप्लासशीं बरोबरीनें बोलूं लागला, ही गोष्ट प्लूटोच्या खोट्या श्रेयापेक्षां मोठी आहे. खोटें श्रेय जोडल्यानें ती झांकली जाते.

याच ठिकाणीं हस्तलिखितें जमविणाऱ्यांचा संबंध येतो. केतकरांनीं ३८.९५ हा आंकडा कसा काढला, हें सांगूं शकेल असा पुरावा असलाच तर तो कच्च्या गणिताच्या वहींत, पत्रव्यवहारांत किंवा एखाद्या शिष्यानें उतरून घेतलेल्या टिपणांत असणार. आणि आमच्या संग्राहकांची संवय अशी कीं, पोथी असेल तर सोवळ्यांत ठेवावी, आणि अंकांनीं भरलेली, आरंभ-समाप्ति नसलेली कागदी वही रद्दींत द्यावी. ग्रहलाघवाच्या नकला शेकडों आहेत. त्यांतील आणखी एक गेली तर ज्ञानाची फार हानि नाहीं. पण शतकापूर्वींच्या गणकाची हिशेबाची वही एकच असते. पंचांगांच्या समासांत शाईनें टिपलेले ग्रहणांचे स्पर्श-मोक्षकाल, ग्रहांच्या युतीचे वेध, हीं सुद्धां अशीच एकेरी साधनें आहेत. केशव दैवज्ञांनीं जें करावयास सांगितलें तें कोणीं कोणीं केलें, हें त्यांवरूनच कळेल.

कोयनानगरच्या त्या रात्रीं प्रतियुति असल्यामुळें गुरूची छाया बरोबर त्याच्या पाठीमागें पडली होती, व चंद्रांचें ग्रहण निराळें दिसणें शक्य नव्हतें. प्रतियुति होऊन कांहीं आठवडे गेले म्हणजे छाया पूर्वेकडे सरते, आणि आयो बिंबापासून दूर काळ्या आकाशांत हळूहळू उजळतांना दिसतो. स्नेह्यांच्या चिरंजिवांनीं पुढील महिन्यांत तो मोक्ष पाहून तारीख, वेळ, दुर्बिणीचें माप व आकाशाची स्थिति एका कागदावर लिहून आमच्याकडे धाडली. वेळ छापील कोष्टकाशीं एका मिनिटाच्या आंत जुळते, असेंही त्यांनीं कळविलें. तो कागद आम्हीं परत पाठवून त्याच रुमालांत ठेवण्यास सांगितलें. कात्रणही तेथेंच आहे. त्याच्या पाठीवर आम्हीं पेन्सिलीनें लिहिलें आहे कीं, केतकरांनीं प्लूटो शोधला नाहीं. गुरूच्या चंद्रांच्या नियमावरून नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचें अनुमान त्यांनीं १९११ मध्यें केलें, आणि त्याची रीत अद्याप शोधावयाची आहे.

ज्या वाचकांच्या घरीं किंवा ओळखीच्या दप्तरांत बागलकोट, नरगुंद, सांगली या बाजूच्या जुन्या गणकांचे कागद, वह्या अथवा समासांत वेध टिपलेलीं पंचांगें असतील, त्यांनीं तीं रद्दींत न देतां त्यांची एक साधी यादी करून या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे. यादींत पानांची संख्या, लिपि व पहिल्या-शेवटच्या पानांवरील शक एवढें असलें तरी काम भागेल.